ओव्याचे फूल आणि थाइमचे पान

मुदखेड हे फुलांचे गाव. नांदेडहून निजामाबादमार्गे हैदराबादकडे जाणाऱ्या लोहमार्गावरचे हे जंक्शन. येथूनच एक फाटा आदिलाबादकडे वळतो. या परिसरातील शेतकरी मोगरा, गुलाब, गलांडा, झेंडू पिकवितात आणि लग्नसराईत व सणावाराला ही फुले दूरच्या बाजारांत जातात. परंतु आमच्या नांदेड भागात आणखी एक फूल विकले जाते, जे कोणत्याही मळ्यात उमलत नाही. काष्ठौषधी विकणाऱ्या अत्ताराकडे 'ओव्याचे फूल' मागितले, तर तो काचेच्या चुऱ्यासारखे पांढरे, पारदर्शक खडे कागदाच्या पुडीत बांधून देतो. पुडी उघडताच ओव्याचा उग्र दर्प नाकात भिनतो. ओव्याच्या झुडपाला छत्रीच्या आकाराचे पांढरे फुलोरे येतात हे खरे. पण ही पुडी त्या फुलांची नव्हे. ओव्याचे दाणे पाण्यात उकळून त्यांची वाफ थंड केली, की त्या अर्कावर तेलाचा तवंग येतो, आणि त्या तेलातून जे स्फटिक जमतात त्यांना आमच्या लोकांनी 'फूल' हे नाव दिले. गंधकाचे फूल, पुदिन्याचे फूल, तसेच हे ओव्याचे फूल. फूल म्हणजे येथे सार, सत्त्व.

या लेखात आम्हांस या फुलाचा इतिहास सांगावयाचा आहे. पण त्याचे निमित्त वेगळे आहे. अलीकडे वर्तमानपत्रांच्या आरोग्यविषयक पानांतून 'थाइम' नावाच्या विदेशी पाल्याची स्तुती वारंवार वाचावयास मिळते. खोकला, पोटदुखी, रक्तक्षय, जंतुसंसर्ग अशा अनेक व्याधींवर तो गुणकारी असल्याचे सांगितले जाते. मोठ्या शहरांतील दुकानांत त्याच्या इवल्याशा बाटल्या चढ्या किमतीला मिळतात. मुलाबाळांच्या आरोग्याची काळजी वाहणाऱ्या आमच्या कुटुंबांनी या स्तुतीवर किती विश्वास ठेवावा, हा प्रश्न साधा नाही. कारण आजारी लेकराच्या उशाशी बसलेली आई जेव्हा डब्यातील औषध निवडते, तेव्हा तिची ती निवड कधी कधी जीवनमरणाची ठरते. या प्रश्नाचे उत्तर शोधू गेल्यास वाट थाइमपासून निघून थेट आमच्या ओव्यापाशी येऊन पोहोचते.

थाइम ही भूमध्य समुद्राच्या काठी, खडकाळ व कोरड्या टेकड्यांवर वाढणारी बुटकी वनस्पती. तिचे खोड काष्ठासारखे कठीण, पाने अगदी बारीक, तांदळाच्या दाण्याएवढी. कुळाने ती तुळस, पुदिना व सब्जा यांची बहीण. ओवा मात्र कोथिंबीर, जिरे, बडीशेप यांच्या घराण्यातला. या दोन वनस्पतींत रक्ताचे नाते नाही. एकीचे पान वापरतात, दुसऱ्याचा दाणा. तरीही दोघांच्या अंगात निर्मात्याने एकच सुगंधी द्रव्य ठेवले आहे. रसायनशास्त्र त्याला 'थायमॉल' म्हणते. आमच्या अत्ताराच्या पुडीतील ओव्याचे फूल ते हेच. म्हणजे युरोपातील गृहिणी सूपात, कोंबडीत वा भाजलेल्या मटणात थाइमच्या काड्या घालते तेव्हा, आणि मराठवाड्यातील गृहिणी धपाट्याच्या पिठात तळहातावर चोळलेला ओवा घालते तेव्हा, दोघींच्या स्वयंपाकघरांत एकच द्रव्य दरवळत असते.

या सुगंधी पाल्याचा मागोवा घेऊ गेल्यास आपणांस पवित्र शास्त्राचीही पाने उलटावी लागतात. मिसर देशातून निघण्याच्या रात्री इस्राएल लोकांनी कोकराचे रक्त दाराच्या चौकटीला लावले, ते एजोबाच्या जुडीने. स्तोत्रकर्ता पापापासून शुद्ध होण्यासाठी एजोबाचीच आठवण काढतो. योहानाच्या शुभवर्तमानात क्रुसावरील प्रभूच्या ओठांशी आंबेने भिजलेला स्पंज नेला जातो, तोही एजोबावर ठेवून. हा एजोब नेमका कोणता, याविषयी विद्वानांनी पुष्कळ विचार केला आहे. युरोपात पुढे ज्या वनस्पतीला हे नाव मिळाले ती पवित्र भूमीत मुळात उगवतच नाही. म्हणून अनेक अभ्यासकांचे मत असे, की शास्त्रातील एजोब म्हणजे पॅलेस्टाइनच्या डोंगरांत आजही वाढणारी, अरबी लोक जिला 'झातर' म्हणतात ती वनस्पती. ती थाइमची जवळची आप्त असून तिच्या तेलातही थायमॉल व त्याचेच भावंड शोभणारे कार्व्हाक्रॉल हे द्रव्य असते. तेथील लोक आजही तीळ आणि मीठ घालून तिची पूड भाकरीबरोबर खातात. शुद्धीकरणाची जुडी आणि जेवणाचे ताट अशा दोन्ही ठिकाणी एकच पाला असावा, हे लक्षात ठेवण्याजोगे आहे.

युरोपात ख्रिस्ती मठांनी ही विद्या जतन केली. संत बेनेडिक्ट यांच्या नियमावलीतील ३६ वा अध्याय आजाऱ्यांच्या सेवेविषयी आहे. आजाऱ्याची सेवा प्रत्यक्ष ख्रिस्ताची सेवा समजून करावी, असा त्याचा आशय. या आज्ञेतूनच मठाच्या आवारात औषधी वाफे उभे राहिले. स्वित्झर्लंडमधील सेंट गॉल येथे इसवी सन ८२० च्या सुमाराचा एका आदर्श मठाचा नकाशा जतन केलेला आहे. त्यात रुग्णालयाजवळ औषधी बाग आखली असून तिच्या सोळा वाफ्यांवर वनस्पतींची नावे लिहिली आहेत. त्या नावांत पुदिना आहे, जिरे आहे, मेथी आहे आणि बडीशेपही आहे. आमच्या घरातील मसाल्याचा डबा बाराशे वर्षांपूर्वीच्या त्या मठवासीयांना अगदीच परका वाटला नसता!

बाराव्या शतकात जर्मनीतील मठाधिकारिणी संत हिल्डेगार्ड (१०९८–११७९) यांनी निसर्गातील पदार्थांच्या गुणधर्मांवर ग्रंथ रचला. अंगाला खरूज येऊन त्वचा बिघडलेल्या माणसाने रानातील थाइम मांसाबरोबर किंवा भाज्यांबरोबर वारंवार खावी, असा सल्ला त्यात आढळतो. त्यांच्या दृष्टीने औषध आणि अन्न यांत भिंत नव्हती. या विदुषीला ७ ऑक्टोबर २०१२ रोजी पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी ख्रिस्तसभेच्या आचार्यपदाचा मान दिला.

परंतु थाइमची विद्या आमच्या दख्खनेत युरोपातून आली नाही. ती निराळ्याच वाटेने आली, आणि त्या वाटेवरही एक ख्रिस्ती वैद्य उभा आहे. नवव्या शतकात बगदाद नगरीत हुनैन इब्न इसहाक (८०९–८७३) हा पूर्वेकडील ख्रिस्तसभेचा विद्वान होऊन गेला. ग्रीक वैद्यकाचे ग्रंथ सिरियाक व अरबी भाषांत आणण्याचे प्रचंड कार्य त्याने व त्याच्या सहकाऱ्यांनी केले. ग्रीक वनस्पतिवैद्य डायोस्कोरिडीझ याच्या ग्रंथाच्या अरबी भाषांतरावर त्याने हात फिरविला. ग्रीकांची थाइम अरबी वैद्यकात 'हाशा' या नावाने ओळखली जाऊ लागली. हीच ग्रीक विद्या, म्हणजे 'युनानी' विद्या, पुढे फारसीतून हिंदुस्थानात आली आणि निजामाच्या हैदराबादेत तिला राजाश्रय मिळाला. चारमिनारच्या सावलीत उभे असलेले युनानी रुग्णालय त्याची साक्ष देते. मुदखेड, नांदेड, लातूर हा आमचा सर्व मुलूख १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत त्याच राज्याचा भाग होता. त्यामुळे आमच्या गावांत आयुर्वेदाच्या वैद्याइतकाच युनानीचा हकीमही घरचा होता, आणि अत्ताराचे दुकान तर दोघांचेही भांडार.

भूमध्य समुद्राकाठचा हाशा येथल्या गावोगावी मिळणार कोठून? पण ओवा दख्खनेच्या काळ्या जमिनीत, कमी पाण्यावर उगवत होता. संस्कृत ग्रंथांत तो 'यवानी', आमच्या शेजारच्या तेलुगू गावांत 'वामु', आणि हकिमांच्या फारसीत 'नानख्वाह'. या शेवटच्या नावाचा अर्थ मोठा गोड आहे: नान म्हणजे रोटी आणि ख्वाह म्हणजे इच्छिणारा, अर्थात रोटीची वासना जागविणारा, भूक लावणारा दाणा. आयुर्वेदानेही ओव्याला दीपक आणि पाचक म्हटले. पोटात वारा धरला, की ओवा व मीठ चावून वर कोमट पाणी पिणे. बाळंतिणीला ओव्याची धुरी देणे. बैलाचे पोट फुगले तर त्याला ओव्याचा काढा पाजणे. हे सारे आमच्या आज्या-पणज्यांनी कोणत्याही पुस्तकावाचून केले.

आता इतिहासाची ती घटना पाहू, जी आमच्या मते या सर्व कथेचे केंद्र आहे. युरोपीय रसायनज्ञांनी अठराव्या शतकातच थाइमच्या तेलातून कापरासारखे स्फटिक वेगळे केले होते. १८५३ साली फ्रेंच रसायनज्ञ लालेमाँ याने त्यांना 'थायमॉल' असे नाव दिले. त्याच सुमारास पुणे व दख्खनेतील इतर बाजारांत 'अजवायन का फूल' या नावाने विकल्या जाणाऱ्या पांढऱ्या स्फटिकांकडे इंग्रज संशोधकांचे लक्ष गेले. १८५५ साली जॉन स्टेनहाउस याने आणि १८५६ साली हेन्स याने परीक्षण करून दाखवून दिले, की दख्खनेच्या बाजारातील हे फूल आणि युरोपातील थाइमचे थायमॉल हे एकच द्रव्य होय. म्हणजे पाश्चात्त्य प्रयोगशाळेत ज्याचे नामकरण होऊन जेमतेम दोन वर्षे झाली होती, ते द्रव्य आमच्या दख्खनेतील अत्तार पुड्या बांधून विकीत होता! हे स्फटिक काढणाऱ्या कारागिरांची नावे इतिहासाने लिहून ठेवली नाहीत. तांब्याचे भांडे, मातीचा लेप, ओल्या फडक्याने थंड ठेवलेली नळी एवढ्या साधनांवर अर्क काढला जाई. ज्ञान हे केवळ विद्यापीठांच्या चार भिंतींत जन्मते, असे ज्यांना वाटते त्यांनी या अनामिक माणसांचे स्मरण ठेवावे.

यानंतर थायमॉलचे दिवस पालटले. जंतूंमुळे जखमा चिघळतात हे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सिद्ध झाले आणि जंतुनाशक द्रव्यांचा शोध सुरू झाला. जंतूंच्या पेशींचे आवरण विस्कटून टाकण्याचा गुण थायमॉलमध्ये आहे. १८७९ साली अमेरिकेत तयार झालेल्या 'लिस्टरीन' या औषधी पाण्यात निलगिरी व पुदिना यांच्या सत्त्वांबरोबर थायमॉल होते, आणि पुढे मुख धुण्याच्या या पाण्याचा तो कायमचा घटक ठरला.

त्याहून मोठे काम पुढेच होते. अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांत अनवाणी चालणाऱ्या गरीब शेतकऱ्यांना अंकुशकृमीने ग्रासले होते. हा जंत मातीतून तळपायाच्या त्वचेवाटे शरीरात शिरतो, आतड्याला चिकटून रक्त शोषतो आणि माणसास पांढराफटक, निस्तेज करून सोडतो. १९०९ साली रॉकफेलर यांच्या देणगीतून या रोगाच्या निर्मूलनासाठी एक आयोग स्थापन झाला. त्याचे मुख्य अस्त्र थायमॉल होते. एवढे थायमॉल येई कोठून? त्या काळी जगाचा बराचसा थायमॉल जर्मनीत तयार होई आणि त्यासाठी लागणारा ओवा हिंदुस्थानातून जहाजाने जाई. ओवा आमचा, कारखाना जर्मनीचा, रुग्ण अमेरिकेचा! १९१४ साली पहिले महायुद्ध पेटले आणि ही साखळी तुटली. थायमॉलची किंमत गगनाला भिडली. अमेरिकेत पर्यायी वनस्पतींचा शोध सुरू झाला, आणि हिंदुस्थानातही आपल्याच ओव्यापासून थायमॉल काढण्याच्या प्रयत्नांना चालना मिळाली. कालांतराने कारखान्यांत कृत्रिम थायमॉल बनू लागले आणि ओव्याचे हे जागतिक महत्त्व ओसरले.

पण या प्रकरणातील एक बाब आजच्या आमच्या प्रश्नासाठी फार मोलाची आहे, ती म्हणजे मात्रा. जंत पाडण्यासाठी प्रौढ माणसाला एका दिवसात सुमारे ४ ग्रॅम थायमॉल दोन भागांत देत. आदल्या रात्री रेचक, सकाळी उपाशीपोटी औषध, नंतर पुन्हा रेचक असा तो कडक विधी होता. त्या दिवशी मद्य, तेल, तूप पूर्ण वर्ज्य असे. कारण स्निग्ध पदार्थांत वा मद्यात विरघळून थायमॉल रक्तात उतरले, तर विषबाधा होई. असे काही रुग्ण दगावलेही. ज्या द्रव्याने जंत मरतो त्यानेच माणूसही मरू शकतो; दोहोंमधील अंतर फक्त मात्रेचे. अधिक सुरक्षित औषधे सापडताच वैद्यकाने थायमॉल बाजूला ठेवले. आज आपल्या देशात २०१५ पासून राष्ट्रीय जंतनाशक दिन पाळला जातो आणि शाळा-अंगणवाड्यांतून मुलांना अल्बेंडाझोलची गोळी मिळते. ती गोळी चुकवून घरी ओवा खाऊ घालणे हे शहाणपणाचे नव्हे.

का नव्हे, ते साध्या हिशेबाने कळते. ओव्याच्या दाण्यांत २ ते ४ टक्के सुगंधी तेल असते आणि त्या तेलाचा साधारण एक तृतीयांश ते निम्म्याहून थोडा अधिक भाग थायमॉल असतो. चहाचा एक चमचा ओवा म्हणजे सुमारे २ ग्रॅम. त्यात थायमॉल निघेल फार तर २० ते ४० मिलिग्रॅम. जंतांच्या जुन्या मात्रेएवढे थायमॉल मिळवावयाचे, तर शंभराहून अधिक चमचे ओवा खावा लागेल! वाळलेल्या थाइममध्ये तेलाचे प्रमाण ओव्याहून कमीच, म्हणून तिचा हिशेब आणखी दूरचा. चिमूटभर पाल्याने जंतू मरतात हे विधान काचेच्या नळीत खरे असेल; शरीरात ते तसेच खरे ठरत नाही.

लोहाचीही गोष्ट तशीच. १०० ग्रॅम वाळलेल्या थाइममध्ये सुमारे १२० मिलिग्रॅम लोह असते, हा आकडा आरोग्यलेखांत मोठ्या अक्षरांत छापला जातो. आकडा खोटा नाही. पण १०० ग्रॅम थाइम कोण खातो? चहाच्या चमचाभर पाल्याचे वजन सुमारे १ ग्रॅम. त्यात लोह सव्वा मिलिग्रॅमच्या आसपास. तो चमचा पाच जणांच्या रश्श्यात पडला, तर एकेकाच्या वाट्याला पाव मिलिग्रॅम येते आणि त्यातलेही थोडेच अंगी लागते. भारतीय स्त्रीला रोज २९ मिलिग्रॅम लोहाची गरज असल्याचे आपल्या आहारशास्त्रज्ञांनी २०२० साली ठरविले आहे. रक्तक्षय झालेल्या मुलीला बाजरीची भाकरी, पालेभाज्या, डाळी, मांस-मासे आणि वैद्यकीय सल्ल्याने लोहाच्या गोळ्या हव्यात. महागड्या बाटलीतील पाल्याने ते काम होणार नाही.

मग थाइमचे सारे गुण खोटेच का? नाही. खोकल्याच्या बाबतीत तिच्या बाजूने खरा पुरावा आहे. जर्मनीत २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात छातीत कफ होऊन खोकणाऱ्या ३६१ रुग्णांना दोन गटांत विभागले होते. एका गटास थाइम व आयव्ही या वेलीच्या पानांचे मिश्रण, दुसऱ्यास औषधाविना केवळ गोड पाक. सुमारे आठवड्याभरानंतर पहिल्या गटातील खोकल्याचे प्रमाण ६८.७ टक्क्यांनी कमी झाले, दुसऱ्या गटातील ४७.६ टक्क्यांनी. लाभ आहे, पण दोन गोष्टी विसरू नयेत. औषध दोन वनस्पतींचे होते, म्हणून श्रेय एकट्या थाइमला देता येत नाही; आणि औषधाविनाही जवळजवळ निम्मा खोकला आपोआपच ओसरला. शिवाय थाइमच्या पानात थायमॉलखेरीज इतरही द्रव्ये आहेत. तेव्हा थाइमवर सिद्ध झालेला गुण ओव्यावर जसाच्या तसा लादता येत नाही.

आमच्या भागात थायमॉल पोहोचते ते स्वयंपाकापेक्षा बाटलीतून अधिक. कापूर, पुदिन्याचे फूल आणि ओव्याचे फूल हे तीन कोरडे पदार्थ एकत्र करताच बाटलीत आपोआप पाणी होते. हीच घरोघरची 'अमृतधारा'. विसाव्या शतकाच्या आरंभी लाहोरच्या पंडित ठाकुरदत्त शर्मा यांनी हे नाव देशभर पोहोचविले. आणि निजामाच्या मुलखातील आम्हांस त्याहूनही परिचित ती 'जिंदा तिलिस्मात'. १९२० साली हैदराबादेत हकीम मोहम्मद मोइजुद्दीन फारूकी यांनी ती सुरू केली. निलगिरीचे तेल, कापूर, पुदिन्याचे व ओव्याचे फूल आणि रंगासाठी रतनजोत असे तिचे स्वरूप. वेष्टनावर हबशी योद्ध्याचे चित्र. निजामाचे राज्य गेले, १९५६ साली मराठवाडा मुंबई राज्यात आला, १९६० साली महाराष्ट्र झाला, तरी आमच्या फळीवरची ती लहान बाटली हलली नाही. सर्दीत तिची वाफ घ्यावी, दुखऱ्या डोक्याला चोळावी, हे आम्ही पिढ्यान्‌पिढ्या करीत आलो. चोंदलेल्या नाकाला मोकळे वाटते हेही खरे.

पण येथेच आम्हांस थोडे कठोर बोलणे भाग आहे. कापूर आणि पुदिन्याचे फूल तान्ह्या बाळाला घातक ठरू शकतात. कापूर पोटात गेल्याने लहान मुलांना झटके येतात, हे वैद्यक फार पूर्वीपासून जाणते. बाळाच्या नाकाला, जिभेला किंवा दुधात अशा बाटलीतील थेंबही लावू नये, मग वडीलधारे काहीही सांगोत. जुलाब-उलट्या होणाऱ्या मुलाला अमृतधारेपेक्षा मीठ-साखरेचे पाणी अधिक गरजेचे असते. १९७१ साली बांगलादेशच्या युद्धात बनगावच्या निर्वासित छावणीत पटकीची साथ उसळली, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, सोडा व ग्लुकोज यांचे द्रावण पिंपांतून पाजले आणि सुमारे ३० टक्क्यांवर असलेला मृत्यूचा आकडा ४ टक्क्यांच्याही खाली आणला. ती खरी अमृतधारा! आणि दोन आठवड्यांहून अधिक टिकलेला खोकला हा ओव्याचा वा थाइमचा विषय नव्हे. त्यासाठी सरकारी दवाखान्यात थुंकीची तपासणी करून घ्यावी. क्षयाची तपासणी व औषधे तेथे विनामूल्य आहेत. घरगुती उपायात गेलेला प्रत्येक आठवडा त्या रोगाला घरातील लेकरांपर्यंत पोहोचण्यास मोकळीक देतो.

हे सांगूनही आम्ही ओव्याचा डबा बंद करा असे म्हणणार नाही. स्वयंपाकघरात त्याचे स्थान अढळ आहे. ज्वारीच्या धपाट्यात, भज्यांत, डाळीच्या पिठाच्या जड पदार्थांत तो पोटाला सोबत करतो. दारात डब्यात लावलेल्या पानओव्याच्या जाडसर पानांची भजी पावसाळ्यात मुले आवडीने खातात. त्या पानांचा गंधही याच घराण्यातील द्रव्यांचा. सुगंधी पाल्याने व मसाल्याने पदार्थाला चव आली, की मीठ कमी घातले तरी चालते. दिवसाला ५ ग्रॅमहून कमी मीठ ही जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस पाळणे ज्यांना कठीण जाते, त्या रक्तदाबाच्या रुग्णांसाठी हा लाभ लहान नाही. थाइम असो की ओवा, पाककृतीतील पाल्याचा सर्वांत भरवशाचा आरोग्यगुण आम्हांस हाच वाटतो. गरोदर भगिनींनी मात्र ओवा जेवणातील चिमटीपुरताच ठेवावा आणि ओव्याचे फूल पोटात घेऊ नये. ज्या भगिनीला थाइमची चव आवडते तिने ती जरूर घालावी. पण ती परवडत नाही म्हणून कोणा मातेने आपण लेकराच्या आरोग्यात कमी पडलो असे मानण्याचे कारण नाही. तिच्या डब्यात तिचा सख्खा शेजारी कधीचाच बसला आहे.

मठातील संन्यासी, बगदादचा भाषांतरकार, दख्खनचा अर्क काढणारा कारागीर, हैदराबादचा हकीम, प्रयोगशाळेतील रसायनज्ञ या सर्वांनी एकाच सुगंधाचा पाठपुरावा केला. धर्म, भाषा, देश वेगळे. आजारी माणसाविषयीची कणव एक. त्यांनी आपणांस दिलेला वारसा केवळ पाल्याचा वा दाण्याचा नाही, तर पाहण्याचा, तपासण्याचा आणि मोजण्याचा आहे. चिमटीत असते तेव्हा ती चव असते, वैद्याच्या तराजूत असते तेव्हा औषध, आणि तराजू सोडून दिला तर विष. प्रभूने सृष्टीत ठेवलेल्या देणग्यांचे आभार मानावयाचे, ते त्यांचे मोप जाणूनच. आपल्या धर्मग्रामातील प्रत्येक घरात ओव्याचा डबा जसा असतो, तशी त्याच्या शेजारी मीठ-साखरेच्या पाण्याची पुडी असावी आणि जवळच्या आरोग्य केंद्राची वाट घरातील प्रत्येकाला ठाऊक असावी.